संगणकाला इंटरनेट पुरवील असा मोबाइल आणि प्लॅन गावात राहून कसा निवडावा?

घाटंजीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका गावात राहते. परिसरातील कृषी केंद्रे, एक जिनिंग आणि काही किराणा दुकाने यांचे हिशेब लिहिणे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे काम मी घरूनच करते. फायबरची जोडणी आमच्या वस्तीपर्यंत अजून आलेली नाही, त्यामुळे संगणकाचे सगळे इंटरनेट मोबाइलवरूनच घ्यावे लागते. माझा संगणक डेस्कटॉप आहे, त्यात विंडोज १० आहे आणि वाय-फायची सोय मुळातच नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलवाटे संगणकाला देणे) सुरू केले की काम चालते.

आता फोन जुना झाला असून त्याची बॅटरी टिकत नाही, म्हणून नवा घ्यायचा आहे. बारा ते पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. अडचण अशी, की दुकानात गेले की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे आणि गेम कसे चालतात एवढेच सांगितले जाते. हा फोन दिवसभर संगणकाला इंटरनेट देऊ शकेल का, याचे उत्तर कोणी देत नाही.

सध्या दोन गोष्टींचा फार त्रास होतो. माझा प्लॅन दिवसाला दीड जीबीचा आहे, पण काही दिवशी दुपारीच डेटा संपल्याचा संदेश येतो. वास्तविक त्या दिवशी पोर्टलवर विवरणपत्र भरण्यापलीकडे मी काही केलेले नसते. दुसरे असे, की काम चालू असताना कोणाचा फोन आला की संगणकाचे इंटरनेट बंद पडते आणि पोर्टल पुन्हा लॉगिन मागते. जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) ची ११ तारीख आणि ३-बी (कर भरण्याचे विवरणपत्र) ची २० तारीख जवळ आली, की दुकानदारांचे फोनही त्याच दिवसांत जास्त येतात.

फाइव्ह-जी फोन घ्यावा की फोर-जी पुरेल, कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे, दीड जीबीऐवजी दोन किंवा तीन जीबीचा प्लॅन घेतल्याने प्रश्न सुटेल का, आणि पावत्यांचे फोटो फोनवरून संगणकात आणण्याची सोपी रीत कोणती, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी खेड्यात राहून असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


आर्वीकर

ताई, नमस्कार. आर्वीला माझे मोबाइल विक्री आणि दुरुस्तीचे दुकान आहे. बहुतेक गिऱ्हाईक आधी फोन पसंत करते, मग त्यात असेल ते सिम टाकते आणि शेवटी प्लॅनचा विचार करते. ज्याला फोनवरून संगणक चालवायचा आहे त्याने हा क्रम उलट करावा. जिथे तुमचा संगणक ठेवलेला आहे त्या खोलीत कोणत्या कंपनीचे जाळे चांगले चालते हे आधी ठरवा, ते जाळे पूर्ण वापरू शकेल असा फोन नंतर शोधा.

कंपनी ठरवण्यासाठी जाहिरातीवर किंवा शेजारच्या गावातील माणसाच्या सांगण्यावर विसंबू नका. घरात किंवा शेजारी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे असतातच. ती फोनधारकांसह आपल्या खोलीत बोलवा, संगणकाच्या टेबलावर फोन ठेवा आणि ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) ‘मायस्पीड’ अ‍ॅपने वेग तपासा. हे सकाळी, भर दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, अशा निरनिराळ्या वेळी करावे, कारण रात्री सगळे गाव व्हिडिओ पाहत असते आणि सकाळी भरधाव वाटलेले जाळे तेव्हा पार मंदावते. तपासताना केवळ डाउनलोडचा आकडा पाहू नका. तुमचे काम फॉर्म भरण्याचे आणि लहान फाइल चढवण्याचे आहे. त्याला प्रचंड वेग लागत नाही, पण जोडणी मध्येच तुटून चालत नाही. म्हणून दर वेळी साधारण सारखाच वेग देणारी कंपनी निवडावी, एखाद्या वेळी विक्रमी आकडा दाखवणारी नव्हे.

सिग्नलच्या रेघाही फसव्या असतात, कारण त्या किती दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या हिशेबाने ठरवतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यातील सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली असते. हा आकडा उणे असतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर सिग्नल चांगला, उणे ११० च्या पलीकडे गेला तर संगणकाच्या कामासाठी तो भरवशाचा नाही. टिनाच्या छपराखाली आणि जाड मातीच्या भिंतींच्या आत हा आकडा बराच घसरतो. तोच फोन खिडकीत ठेवला की सुधारतो. सिग्नल वाढवणारे बूस्टर बाजारात मिळतात, पण परवानगीशिवाय ते बसवणे बेकायदेशीर आहे आणि त्याने आजूबाजूच्या सगळ्यांची सेवा बिघडते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

आता बँडविषयी, कारण दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि खेड्यात तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या लहरींवर सेवा देते. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी वेग अधिक देतात पण लवकर विरतात. जिओची फोर-जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे फोनच्या भाषेत बँड ५, ३ आणि ४०. मनोऱ्यापासून लांबच्या गावात यांपैकी बँड ५ च उपयोगी पडतो. बीएसएनएलची नवी फोर-जी सेवा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ आणि १ वर आहे. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांच्याकडे १८००, २१००, ९०० अशा लहरींचा सर्कलनुसार (दूरसंचार सेवेच्या प्रदेशानुसार) वेगवेगळा मेळ आहे. कंपनी ठरली की फोनच्या अधिकृत माहितीपत्रकात तिचे बँड आहेत का ते वाचावे. विशेषतः जुन्या किंवा परदेशातून आलेल्या फोनमध्ये बँड २८ नसण्याची शक्यता असते. असा फोन घेऊन बीएसएनएलचे सिम टाकले तर गावात मनोरा असूनही ७०० मेगाहर्ट्झचा सिग्नल त्याला मिळणारच नाही.

फाइव्ह-जीबद्दल माझे मत असे. तुमच्या खोलीत फाइव्ह-जी स्थिर येत असेल तरच त्यासाठी जास्तीचे पैसे द्या. जिओची फाइव्ह-जी ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झवर (एन-२८ आणि एन-७८) आहे, तर एअरटेलने सुरुवात ३३०० वर केली. खेड्यात घरातल्या घरात मिळण्याची शक्यता ७०० वाल्या लहरीची अधिक, म्हणून जिओ घ्यायचे ठरले तर फोनमध्ये एन-२८ असल्याची खात्री करावी. फाइव्ह-जी येत नसेल तर त्याच पैशात मोठी बॅटरी असलेला चांगला फोर-जी फोन घेतलेला बरा.

वापरलेला फोन घेणार असाल तर ‘*#०६#’ दाबून त्याचा आयएमईआय (फोनची ओळख सांगणारा) क्रमांक पाहा आणि ‘संचार साथी’ पोर्टलवर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही ना, हे तपासूनच पैसे द्या.


मेहकरचा संगणक प्रशिक्षक

आर्वीकरांनी फोनची बाजू उत्तम मांडली आहे. मी संगणकाच्या बाजूने लिहितो, कारण ताईंचा दीड जीबी दुपारीच का संपतो याचे उत्तर प्लॅनमध्ये नसून बहुधा विंडोजमध्ये आहे.

फोन वाय-फायने जोडला काय किंवा केबलने जोडला काय, हे इंटरनेट मोजून मिळते आहे हे विंडोजला आपोआप कळेलच असे नाही. यूएसबी टेदरिंगमध्ये तर विंडोजला फोन हा इथरनेटच्या तारेसारखा दिसतो, आणि अशी जोडणी अमर्याद आहे असे धरून विंडोज पाठीमागे स्वतःची अद्यतने, स्टोअरमधील अ‍ॅप, वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातील फाइल असे सगळे उतरवत बसते. एकेक मोठे अद्यतन काही जीबीचे असते. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून, त्यात ‘इथरनेट’ निवडून, चालू जोडणीवर क्लिक करून ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे. त्यानंतर बहुतेक अद्यतने आपोआप उतरत नाहीत आणि वनड्राइव्हही थांबते. एक खबरदारी घ्यावी लागते: ही खूण त्या त्या जोडणीपुरतीच असते. काही अँड्रॉइड फोन केबल पुन्हा जोडल्यावर विंडोजला नव्या जाळ्यासारखे दिसतात आणि तेव्हा खूण निघालेली असते. महत्त्वाच्या दिवशी काम सुरू करण्याआधी ती एकदा पाहून घ्यावी. याशिवाय अद्यतनांच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बंद करावे, म्हणजे तुमचा संगणक इतरांच्या संगणकांना अद्यतनांचे तुकडे पाठवणार नाही.

‘डेटा युसेज’ या पानावर कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा घेतला हे दिसते. प्लॅन बदलण्याआधी ते पान आठवडाभर पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पोर्टलवर फॉर्म भरायला डेटा फारच थोडा लागतो. व्हिडिओ बैठक मात्र खूप खाते: १ एमबीपीएस वेगाने सलग एक तास व्हिडिओ चालला तर ४५० एमबी जातात, हा साधा गुणाकार आहे. महिन्यातून एखादी बैठक असेल तर त्या दिवसापुरता जोड-डेटा घेणे परवडते, त्यासाठी वर्षभर मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्याची गरज नाही.

प्लॅनच्या बाबतीत मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, रोजचा कोटा संपल्यावर काय होते ते. बहुतेक प्लॅनमध्ये इंटरनेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ एमबीची फाइल जायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि पोर्टल तोपर्यंत थांबत नाही; म्हणजे कामापुरते ते बंदच. दुसरी, रोजचा कोटा मध्यरात्री संपतो, बहुतेक प्लॅनमध्ये शिल्लक पुढे जात नाही. तुमचे काम महिन्यात सारखे पसरलेले नाही, ते ११ आणि २० तारखेच्या आसपास एकवटते. अशा कामाला रोजच्या कोट्यापेक्षा संपूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन अधिक योग्य असतो, कारण शांत दिवसांत वाचलेला डेटा धावपळीच्या दिवशी वापरता येतो. तिसरी गोष्ट मुदतीची. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १२ नव्हे, १३ वेळा भरावा लागतो. किमतींची तुलना करताना दर दिवसाचा खर्च काढावा. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा किमान एक प्लॅन ठेवावा लागतो. ज्यांचे काम तारखांना बांधलेले आहे त्यांच्यासाठी हे दुसऱ्या प्रकारचे प्लॅन सोयीचे, कारण मुदत नेमकी विवरणपत्राच्या दिवशी संपण्याची भीती राहत नाही.

अमर्याद फाइव्ह-जी देणाऱ्या प्लॅनविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. ‘अमर्याद’ हे फोन फाइव्ह-जीवर असेपर्यंतच. गावाच्या कडेला सिग्नल मधूनमधून फोर-जीवर घसरतो आणि त्या काळातील वापर रोजच्या कोट्यातून वजा होतो. संगणकाला हे कळत नाही. तो आपल्या वेगाने डेटा घेत राहतो. म्हणून असा प्लॅन घेतला तरी मीटर्ड कनेक्शन बंद करू नये. तसेच व्यावसायिक वापराविषयी कंपनीच्या अटी वाचून घ्याव्यात.

पावत्यांच्या फोटोंबद्दल: यूएसबीवर एका वेळी टेदरिंग किंवा फाइल ट्रान्सफर यांपैकी एकच पर्याय निवडता येतो. तेव्हा दिवसाच्या शेवटी टेदरिंग बंद करून, फोनचे कुलूप उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे आणि सगळे फोटो एकदम उतरवून घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून पाठवले तर प्रत्येक फोटो आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो, म्हणजे डेटा दोनदा जातो, शिवाय फोटो दाबला गेल्याने पावतीवरील बारीक आकडे पुसट होतात. फोनमध्येच स्कॅन करून पीडीएफ केली तर आकारही लहान राहतो.

केबल घेताना ती डेटाची आहे याची खात्री करा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कित्येक केबल केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांनी फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसत नाही आणि दोष फोनला दिला जातो. डेस्कटॉपला यूएसबी वाय-फाय अ‍ॅडाप्टर लावूनही काम होते आणि मग फोन खिडकीत ठेवता येतो. परंतु स्वस्त अ‍ॅडाप्टर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटची सेटिंग २.४ वर ठेवावी लागते. ५ वर असेल तर संगणकाला हॉटस्पॉट दिसणारच नाही. नव्या फोनमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ असेल आणि जुना अ‍ॅडाप्टर जोडला जात नसेल, तर तो डब्ल्यूपीए-२ करावा.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दुसऱ्यांचे आर्थिक व्यवहार त्या संगणकावर असल्याने सुरक्षा अद्यतनांची वाढीव मुदत घेणे किंवा संगणक बदलणे याचा विचार लवकर करावा. मीटर्ड जोडणी ठेवली म्हणून अद्यतने कायमची टाळू नयेत. महिन्यातून एकदा शांत दिवस पाहून ती हाताने उतरवावीत.


घाटंजीकर

दोघांचेही मनापासून आभार. ‘डेटा युसेज’ पाहिले तर खरोखरच सर्वांत वर विंडोजचे अद्यतन आणि वनड्राइव्ह होते. हिशेबाचा प्रोग्रॅम आणि ब्राउझर बरेच खाली होते. मीटर्ड कनेक्शन सुरू केले आहे.

फोन आल्यावर इंटरनेट बंद पडण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. माझ्या फोनमध्ये दोन सिमे आहेत. एका कंपनीच्या सिमवर डेटा घेते, दुसऱ्या कंपनीचा क्रमांक सर्व दुकानदारांकडे आहे आणि त्यावर डेटा नाही. नवा फोन घेतला की हा प्रश्न आपोआप सुटेल का?


आर्वीकर

ताई, आपोआप सुटणार नाही, आणि हे आधी कळले म्हणजे तुमचे पैसे वाया जाणार नाहीत. फोन आल्यावर इंटरनेट थांबण्याची दोन वेगवेगळी कारणे असतात.

पहिले कारण व्होल्टीचे. फोनवरील बोलणे फोर-जीवरूनच होणे म्हणजे व्होल्टी. फोनमध्ये ही सोय नसेल, त्या कंपनीसाठी चालू नसेल किंवा सेटिंगमध्ये बंद असेल, तर कॉल येताच फोन टू-जीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत डेटा थांबतो. डेटा ज्या सिमवर आहे त्याच सिमवर कॉल घेऊन पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहावे. फोर-जीची खूण जाऊन ‘ई’ दिसू लागले तर दोष इथे आहे. जिओकडे टू-जी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर कॉल फोर-जी किंवा फाइव्ह-जीवरूनच होतो.

दुसरे कारण दोन सिमांचे, आणि तुमच्या वर्णनावरून तेच दिसते. या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमे असली तरी त्यांच्यात रेडिओ एकच असतो. दुसऱ्या सिमवर कॉल सुरू झाला की रेडिओ तिकडे जातो आणि पहिल्या सिमचा डेटा थांबतो. काही फोनमध्ये कॉल चालू असताना डेटा त्याच सिमवर आपोआप वळवण्याची सेटिंग असते, पण तुमच्या त्या सिमवर डेटाच नाही. आणि समजा असता, तरी कंपनी बदलताच संगणकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याची ओळख) बदलतो, त्यामुळे पोर्टलने पुन्हा लॉगिन मागण्याची शक्यता राहतेच. दोन्ही सिमे एकाच वेळी खऱ्या अर्थाने चालू ठेवणारे फोन आहेत, पण ते तुमच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा, की संगणकाला जोडायच्या फोनमध्ये डेटाचे एकच सिम ठेवा आणि दुकानदारांचा क्रमांक वेगळ्या फोनमध्ये टाका. तुमचा जुना फोन चार्जरला लावून ठेवला तरी बोलण्यापुरता चालेल. नाहीतर साधा बटणांचा फोन घ्या. तो क्रमांक जिओचा असेल तर बटणांचा फोनही फोर-जीचाच लागेल, हे लक्षात ठेवा. त्या क्रमांकावर डेटाचे पैसे भरण्याचीही गरज नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले रिचार्ज प्रत्येक कंपनीला ठेवावे लागतात. बँकेचे आणि आधारचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात तोही याच फोनमध्ये असावा, म्हणजे टेदरिंग चालू असलेल्या फोनला हात लावण्याची वेळ येणार नाही.

एवढे केले तर नव्या फोनमध्ये दोन सिमांची चैन, कॅमेरा, चकचकीत पडदा यांपैकी कशालाच महत्त्व उरत नाही. कंपनीचे बँड, व्होल्टी, ५००० एमएएचच्या आसपास बॅटरी आणि केबलचे घट्ट बसणारे टाइप-सी तोंड, एवढेच पाहा. रोज केबल लावून-काढून ते तोंड सैल होते आणि मग फोन जरा हलला तरी टेदरिंग तुटते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा फोनांत बहुतेकदा हाच दोष निघतो.


धारणीकर

मी मेळघाटात राहतो. वरील सल्ला योग्य आहे, त्यात विजेचा मुद्दा जोडणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात लाइन गेली की केवळ आपला संगणक नव्हे तर मोबाइलचा मनोराही अडचणीत येतो. मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही काळ तग धरतात, नंतर डिझेलचा जनरेटर असेल तर तो, आणि नसेल तर सेवा बंद. म्हणून आर्वीकरांनी सांगितलेली वेगाची तपासणी लाइन गेल्यानंतर तासाभराने आणि पुन्हा दोन-तीन तासांनी अवश्य करावी. भर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातील वादळाच्या दिवसांत जी कंपनी टिकते तीच कामाची.

अनेक जण पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम जवळ ठेवतात. ते चांगलेच आहे, परंतु वेगळी कंपनी म्हणजे वेगळा मनोरा असे समजू नये. एकाच लोखंडी मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे बसवलेली असतात आणि त्यांची वीज व बॅटऱ्या सामाईक असतात. तिथली वीज गेली की सगळ्या एकदम बंद पडतात. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या आसपासचे मनोरे नकाशावर दिसतात. आपले दुसरे सिम निराळ्या दिशेच्या, निराळ्या मनोऱ्यावरून चालते आहे का, हे पाहून मगच ते राखीव म्हणून धरावे.

आमच्याकडे आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात बीएसएनएलला पर्याय नाही अशी गावे आहेत. देशी बनावटीच्या यंत्रणेवरील त्यांच्या फोर-जी सेवेचे २७ सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. शिवाय सरकारच्या डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या मनोऱ्यांवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांनी एकमेकांच्या ग्राहकांना फोर-जी सेवा देण्याची व्यवस्था जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तुमच्या परिसरात असा मनोरा असेल तर सिम या तिघांपैकी कोणाचेही असले तरी जाळे मिळू शकते; त्यासाठी फोनमध्ये मनोरा उभारणाऱ्या कंपनीचे बँड मात्र हवेत. यासाठीच मी कोणालाही बँड १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ हे सगळे असलेला फोन घ्यायला सांगतो. मग उद्या कंपनी बदलावी लागली तरी फोन बदलावा लागत नाही.

उष्णतेचाही विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, खोलीत टिनाखाली बसवत नाही. अशा वेळी टेदरिंग आणि चार्जिंग दोन्ही एकदम चालू असलेला फोन तापतो, आणि तापला की तो स्वतःच वेग कमी करतो किंवा फाइव्ह-जी सोडून फोर-जीवर येतो. फोनचे कव्हर काढून ठेवावे, तो सीपीयूच्या डब्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. या दृष्टीने हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग बरे, कारण त्यात फोनला वाय-फायचे प्रक्षेपण करावे लागत नाही. तुमचा डेस्कटॉप आहे, तेव्हा लहानसा यूपीएस असू द्या. भरलेले विवरणपत्र सादर होण्याच्या क्षणी लाइन गेली तर निदान पावती क्रमांक उतरवून घेण्याइतका वेळ मिळतो.


घाटंजीकर

धारणीकर दादा, लाइन गेल्यावर तपासण्याचे माझ्या लक्षातच आले नसते. आता वेगवेगळ्या वेळी तपासून पाहिले. सध्या डेटा ज्या कंपनीचा घेते तिचा आकडा माझ्या खोलीत उणे ११२ च्या आसपास असतो आणि लाइन गेल्यावर ती लवकर बंद पडते. शेजारच्या काकूंकडील दुसऱ्या कंपनीच्या सिमचा आकडा त्याच टेबलावर उणे ९५ येतो, तिचा मनोरा गावाच्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि लाइन नसतानाही तिचे इंटरनेट टिकून राहिले. फाइव्ह-जी दोन्हींचे खोलीत येत नाही. तेव्हा फोर-जी फोन, धारणीकरांनी सांगितलेले सगळे बँड, आणि मुदतभरासाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन असे ठरवले आहे. दुकानदारांचा क्रमांक जुन्या फोनमध्ये राहील.

डेटाचा सध्याचा क्रमांक पोर्ट करावा (म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलावी) की नवे सिम घ्यावे? हा क्रमांक माझ्या स्वतःच्या जीएसटी आणि बँकेच्या नोंदीत आहे.


आर्वीकर

ताई, तो क्रमांक बँकेत नोंदवलेला असल्याने डेटासाठी नवे सिम घ्या आणि जुना क्रमांक आहे तिथेच, केवळ बोलणे-एसएमएसच्या रिचार्जवर, जुन्या फोनच्या दुसऱ्या खणात ठेवा. टेदरिंगच्या फोनमध्ये ओटीपीचा क्रमांक नसावा हे त्यामुळे आपोआप साधते, आणि नव्या कंपनीचा अनुभव वाईट आला तर परत फिरणे सोपे राहते. घरात सिग्नल कमी असला तरी एसएमएस आणि कॉलपुरता तो बहुधा पुरतो; ओटीपी उशिरा येऊ लागले तरच पोर्ट करण्याचा विचार करा.

पुढे पोर्ट करायचेच ठरले तर कॅपिटल अक्षरांत ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द, मधे एक जागा सोडून आपला क्रमांक, असा एसएमएस १९०० वर पाठवावा लागतो. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असले पाहिजेत, आणि नुकतेच सिम बदलून घेतले असेल तर ७ दिवस थांबावे लागते. उत्तरात येणारा कोड आपल्या सर्कलमध्ये ४ दिवस चालतो आणि सर्कलमधल्या सर्कलमध्ये पोर्टिंगला ३ कामकाजाचे दिवस लागतात. बदलाच्या वेळी काही तास सेवा नसते आणि जुन्या प्रीपेडवरील शिल्लक व डेटा बुडतो. तेव्हा २० तारखेचे ३-बी सादर झाल्यावर, प्लॅनची मुदत संपत आलेली असताना अर्ज करावा, म्हणजे पुढच्या ११ तारखेच्या आत सगळे सुरळीत झालेले असेल.